पुनर्वसनाची विद्या : सातासमुद्रापलीकडून घरापर्यंत



अपघातात पाठीचा कणा मोडला, शस्त्रक्रिया झाली, प्राण वाचले. येथे वैद्यकाचे कार्य संपले, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक रुग्णाची परीक्षा येथूनच सुरू होते. कमरेखाली संवेदना उरलेली नसते. एकाच कुशीवर पडून राहिल्यास हाडावरील त्वचा दबते, तेथे रक्त पोहोचत नाही आणि कोणतीही वेदना न जाणवता खोल जखम होते. लघवी साठून राहते व जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. जेथे काळजी कशी घ्यावी हे कोणी शिकवलेले नसते, तेथे असा रुग्ण मोडलेल्या कण्याने नव्हे, तर या दोन कारणांनी दगावतो.

यावरील उपाय कोणत्याही महागड्या यंत्रात नाही. जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. दिवसा व रात्री, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. ज्यांची आशा सोडली होती असे सैनिक जगले, एवढेच नव्हे तर २९ जुलै १९४८ रोजी त्यांतील सोळा जण धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे.

ही विद्या भारतात आली कशी? एकेका माणसाने समुद्र ओलांडल्यामुळे. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ मधील अपघातानंतर स्वतः चालू शकत नव्हत्या. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर केले आणि त्याच वर्षीच्या युद्धात त्यांच्या कण्याला गोळी लागली. त्यांच्यावर उपचार झाले ते स्टोक मँडेव्हिललाच. पुढे त्यांनी दिल्लीत कण्याच्या दुखापतींसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. या दोघांचे ऋण फार मोठे आहे. परंतु प्रत्येक जिल्ह्यातील परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला विलायतेस कोण पाठविणार?

गरज किती आहे, याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल असे सुमारे २४० कोटी लोक जगात आहेत. आणि काही गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा लाख लोकांमागे प्रशिक्षित पुनर्वसनकर्मी दहासुद्धा नाहीत.

म्हणूनच २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पायनल कॉर्ड सोसायटीने इंटरनेटवर जे कार्य सुरू केले, त्याचे महत्त्व विशेष आहे. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक अशा प्रत्येकासाठी वेगळे पाठ, चित्रे, ध्वनिचित्रफिती आणि शेवटी स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न, हे सर्व तेथे विनामूल्य ठेवण्यात आले. अनेक देशांतील शेकडो तज्ज्ञांनी ते तयार केले, आणि या कार्याचे नेतृत्व दिल्लीचे डॉ. हरविंदर सिंग छाबडा यांनी केले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. व्यापाऱ्याला हा हिशेब चटकन कळतो. ठाणातून वार-दोन वार कापड कापले की ठाण तेवढे कमी होते. व्याख्यानाचे तसे नाही. वेल्लोरला ऐकले म्हणून काठमांडूसाठी ते कमी पडत नाही.

एका पाठात किती सामर्थ्य असते, याचे उदाहरण पाहा. लघवी काढण्याची नळी संपूर्ण निर्जंतुक पद्धतीनेच, रुग्णालयातील माणसानेच घातली पाहिजे, असे पूर्वी मानले जाई. १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की, हात व नळी स्वच्छ असतील आणि मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे होत असेल, तर रुग्णाने स्वतः घरी हे करणे पुरेसे सुरक्षित आहे. एवढ्या एका ज्ञानाने असंख्य मूत्रपिंडे वाचली. साबण, पाणी, साधी नळी आणि घड्याळ! मात्र हे ज्या परिचारिकेला ठाऊकच नाही, ती कायमची नळी बसवून रुग्णाला घरी पाठवते, आणि तिला दोष तरी कसा द्यावा?

अर्थात पडद्यावरचे पाहून सर्व काही येते असे मानणे भाबडेपणाचे होईल. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यावे, हे अनुभवी व्यक्तीने शेजारी उभे राहून दाखवावे लागते. इंग्लंडमधील पाठात कमोड असतो, गुळगुळीत रस्ता असतो, रुंद दार असते. आपल्या खेड्यात उंच उंबरठा असतो, उकिडवे बसावयाचा संडास असतो, अंगणात खडी असते. म्हणून व्याख्यानांचा प्रवास एकाच दिशेने होऊन चालणार नाही. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमधील कार्यकर्त्यांनी कण्याचे रुग्ण डोंगरातील घरी परत पाठविण्यासाठी जे केले, तेही लंडनच्या विद्यार्थ्याने ऐकले पाहिजे.

आणि भाषेचे काय? २०२० मध्ये कोरोनाने महाविद्यालये बंद पडली, तेव्हा सारे शिक्षण पडद्यावर आले. व्याख्यानांची उणीव आता फारशी नाही. परंतु मध्यरात्री दोन वाजता उठून रुग्णाची कूस बदलणारी व्यक्ती डॉक्टर नसते. ती त्याची आई असते, पत्नी असते, कधी शाळेत जाणारी मुलगी असते. तिच्यासाठी दहा मिनिटांचा पाठ हवा, तिच्या बोलीत, तिच्या मोबाईलवर, तिच्यासारख्याच घरातील खाटेवर चित्रित केलेला. या सभागृहात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, नाटकात काम करणारी तरुण मंडळीही आहेत. आणि असा रुग्ण ज्या घरात आहे, ते घर कुणाच्या तरी ओळखीचे असणारच.