ईयोबाचे गडी
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



विषय दिलाय 'ख्रिस्ती धर्मातला दुःखाचा अर्थ'. काहींच्या कपाळावर आठ्या पडल्यात, दिसतायत मला. आपण बुद्धाच्या वाटेनं निघालो, मग हे क्रूसाचं प्रकरण कशाला? तर ऐका. याच देशात महार, मांग, माला, मादिगा, परैयार, पुलैया लाखांनी ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरचंच रक्त ते. त्यांना दर रविवारी दुःखाबद्दल काय सांगतात हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आपण अर्ध्या वस्तीशी बोलतच नाही.

बायबलात ईयोब नावाच्या माणसाचं पुस्तक आहे. कुणाचं मूल दगावलं, कुणाची नोकरी गेली, की पाळक हेच पुस्तक उघडतो. ईयोब बडा असामी. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, ५०० बैलजोड्या, ५०० गाढवी. वर माणूस सज्जन. सैतान देवाला म्हणतो, हा भक्ती करतो कारण याचं पोट भरलेलं आहे. घे काढून सगळं, मग बघ. देव परवानगी देतो. एका दिवसात बैल लुटले जातात, मेंढरं आगीत जळतात, उंट पळवले जातात, घर कोसळून सात मुलगे आणि तीन मुली मरतात. मग अंगभर गळवं. ईयोब राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो, पण देवाला शिव्या देत नाही. प्रवचन बहुतेक वेळा इथंच संपतं. धीर धरा, देव कसोटी बघतोय, शेवटी दुप्पट देईल.

आता तीच गोष्ट आपल्या डोळ्यांनी वाचू. बैल लुटले तेव्हा बैलांमागं गडी होते. लुटारूंनी ते कापून काढले. मेंढरं जळाली तेव्हा मेंढके जळाले. उंट नेले तेव्हा उंटांवरचे गडी तलवारीखाली गेले. दर वेळी एकच जण वाचतो, तोही मालकाला बातमी सांगायला. शेवटी देव ईयोबाला खरंच दुप्पट देतो. १४,००० मेंढरं, ६,००० उंट, सगळं मोजून. पुन्हा सात मुलगे, पुन्हा तीन मुली. गड्यांचं काय? एक अक्षर नाही. नाव नाही, आकडासुद्धा नाही. मेंढरं मोजली, माणसं नाही मोजली! परीक्षा मालकाची, मुडदे गड्यांचे.

म्हणून दुःखाला काय अर्थ आहे, या प्रश्नाच्या आधी माझा प्रश्न असा, की कुणाच्या दुःखाला अर्थ आहे? मालक राखेत बसला तर ती कसोटी. गडी मेला तर ती मालकाच्या कसोटीतली एक बाब.

पण पुस्तक इथं टाकून देऊ नका. पुढं गंमत आहे. ईयोबाला भेटायला तीन दोस्त येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस गुमान बसतात, तेवढं बरं करतात. मग तोंड उघडतात ते एकच सांगायला. तू भोगतोयस म्हणजे तू पाप केलंयस. ही भाषा ओळखीची वाटते ना? हा आपल्याकडचा कर्मविपाकच. फक्त तिकडे मागचा जन्म नाही, एवढाच फरक. चोखोबासारख्या चोखोबाच्या तोंडी हे विष गेलं. आपला महाराचा जन्म पूर्वीच्या पापाचं फळ आहे, असं म्हणायची पाळी त्याच्यावर आली. आणि मेला कसा, तर मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम अंगावर कोसळून. त्याच्याच पोराला, कर्ममेळ्याला, ते पचलं नाही. असला जन्म दिलासच का, म्हणून त्यानं देवाला उभं केलं.

ईयोबही तेच करतो. तो दोस्तांचं ऐकत नाही. माझा गुन्हा दाखव, म्हणून देवाशी भांडतो, फिर्याद मांडतो. पस्तीसेक अध्याय हे भांडण चाललंय. आणि शेवटच्या, म्हणजे ४२व्या अध्यायात देव निकाल देतो, की हे तीन दोस्त माझ्याविषयी खोटं बोलले, ईयोब बरोबर बोलला. देवाची वकिली करणारे खोटे आणि देवावर फिर्याद करणारा खरा! हे त्यांच्याच पवित्र शास्त्रात लिहिलेलं आहे. पाळकसाहेबांना विचारा, हे का सांगत नाही म्हणून.

आणखी एक. २४व्या अध्यायात ईयोब स्वतःचं रडगाणं बाजूला ठेवून बोलतो. कोण बांध सरकवतं, कोण पोरक्याचं गाढव हाकून नेतं, थंडीत उघडं कोण झोपतं. पेंढ्या वाहणारा उपाशी, तेलद्राक्षांचे घाणे चालवणारा तहानलेला. आणि देव लक्ष देत नाही, असं स्वच्छ म्हणतो. पेरूचा धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यानं १९८६ साली या पुस्तकावर लिहिताना याच जागेवर बोट ठेवलं. ईयोबाला कळलं, की आपण एकटे नाही, सगळे गरीब हेच भोगतायत. मला हे पटतं, पण पुरतं नाही. कारण ३०व्या अध्यायात हाच ईयोब कुरकुरतो, की ज्यांच्या बापांना मी माझ्या मेंढरांच्या कुत्र्यांजवळ ठेवलं नसतं, ती पोरं आज मला हसतात! गावातून हाकललेले, ज्यांच्यामागं चोर चोर म्हणून ओरडतात, असे ते लोक. राखेत बसलाय, अंग सडलंय, तरी पाटीलकी सुटत नाही. भोगल्यानं माणूस आपोआप शहाणा होतो, हे साफ खोटं आहे.

नव्या करारात याकोबाचं पत्र आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात ईयोबाच्या धीराचं कौतुक आहे, ते प्रवचनात हमखास येतं. त्याच अध्यायात, सातच ओळी वर, याकोब श्रीमंतांना दम देतो, की कापणी करणाऱ्या मजुरांची तुम्ही दाबलेली मजुरी ओरडतेय. ही ओळ प्रवचनात किती वेळा ऐकली, हे इथल्या ख्रिस्ती दोस्तांनी सांगावं.

ओळी गाळायचा धंदा जुना आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. ११८९ अध्यायांपैकी फक्त २३२ ठेवले. इजिप्तच्या गुलामगिरीतून लोक बाहेर पडले, ती सगळी कथा गायब. गुलामांनो, धन्याच्या आज्ञेत राहा, ते मात्र शाबूत. फ्रेडरिक डग्लस हा पळून सुटलेला गुलाम. त्यानं १८४५ च्या आत्मकथेत सांगितलंय, की त्याचा मालक १८३२ साली एका धर्ममेळाव्यात भक्त झाला आणि त्यानंतर जास्तच क्रूर झाला. एका पांगळ्या तरुण बाईला बांधून चाबकानं फोडायचा आणि तोंडानं बायबलचं वचन म्हणायचा.

आता क्रूसाकडे येऊ. क्रूस हा गळ्यातला दागिना नव्हता. रोमन राज्याची ती फाशी होती, मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी. ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याला सहा हजार गुलाम टांगले. येशू त्याच लाकडावर गेला, तो मंदिरातल्या सराफांची चौरंगं उलथवून. आणि त्याला ते दुःख हवं नव्हतं. गेथशेमानेच्या बागेत तो हा प्याला टळू दे म्हणून विनवतो. लाकडावर देवाला विचारतो, मला का टाकलंस? म्हणजे दुःख गोड मानून घ्या ही शिकवण येशूच्या मरणातून निघतच नाही. ज्यांनी त्याला टांगलं त्यांच्या वारसांनी ती नंतर काढली. उठून उभं राहिल्याबद्दल जे अंगावर येतं ते वेगळं, आणि जन्माला येताच पाठीवर लादलं जातं ते वेगळं. दुसऱ्याला 'तुझा क्रूस' म्हणणं ही लबाडी आहे.

इथं एका बाईनं आणखी पुढचं विचारलंय. डेलोरेस विल्यम्स, अमेरिकेतली काळी धर्मचिंतक. १९९३ च्या पुस्तकात ती म्हणते, दुसऱ्याच्या बदली सोसणं हेच पवित्र ठरवलं, तर काळ्या बाईनं जन्मभर मालकिणीच्या बदली राबणं, मालकाच्या बदली पोरं वाढवणं हेही पवित्रच ठरेल! आपल्या आयाबहिणींना विचारा, याचं उत्तर त्या देतील.

आणि इथल्या ख्रिस्ती दलिताचं काय? बाबासाहेबांचा मिशनऱ्यांवर मोठा आक्षेप हाच होता. तुझी अवस्था तुझ्या पापामुळं, असं शिकवलं की माणूस व्यवस्थेशी लढेल कशाला? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच ठेवले. सरकार म्हणतं तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला जात नाही. आणि तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरला ख्रिस्ती कबरस्तानात दलितांची थडगी वेगळी ठेवायला भिंत! ही कुठली कसोटी? ही भिंत देवानं नाही बांधली, गवंड्यानं बांधली. पैसे कुणी दिले ते शोधा.

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. म्हणून तिकडचीच एक हकिगत सांगतो आणि थांबतो. १९५५ साली शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केली असा आरोप. २८ ऑगस्टच्या रात्री त्याला घरातून उचललं, मारलं, गळ्यात कापसाच्या जिनाचा पंखा बांधून टॅलहॅची नदीत टाकलं. मिसिसिपीवाल्यांना मढं तिथंच झटपट पुरायचं होतं. आई मॅमी चर्चात वाढलेली, श्रद्धाळू बाई. तिनं मढं शिकागोला मागवलं आणि चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवली. ओळखू न येणारा तो चेहरा हजारो लोकांनी रांगा लावून पाहिला. 'जेट' मासिकानं फोटो छापले. देवाची इच्छा म्हणून झाकण लावणं सोपं होतं. सांत्वनाला आलेल्या कुणालाच तिनं ती सोय ठेवली नाही. धर्मचिंतक जेम्स कोन यानं २०११ च्या पुस्तकात क्रूस आणि काळ्यांना टांगायचं झाड शेजारी शेजारी ठेवलं. क्रूसावर ग्रंथ लिहिणाऱ्या गोऱ्या पंडितांना ते झाड दिसलं नाही म्हणाला. मॅमीला दिसलं होतं.

सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं तासाभरात आरोपींना सोडलं. १९५६ च्या जानेवारीत त्यांनीच पैसे घेऊन 'लुक' मासिकाला खुनाची कबुली दिली. मॅमी २००३ साली गेली. २०२२ साली झुंडीनं मारणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला, त्याला एमेटचं नाव आहे. त्याच्या खुनासाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.