सिंधचे बिऱ्हाड



आपलें संगमनेर आणि समुद्रकांठचें कराची हीं दोन्हीं गांवें १८४७ पासून १९३६ पर्यंत एकाच मुंबई इलाख्यांत होतीं, हें आज सहसा कोणाच्या ध्यानांत नसतें. कराचींत १८५५ सालीं निघालेल्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय शिक्षणाधिकाऱ्याचें नांव आहे. पाकिस्तान झाल्यावरहि तें पुसलें गेलें नाहीं. सिंधी व्यापाऱ्यांची खुदाबादी लिपी शाळांत आणण्याचें काम १८६८ सालीं सरकारनें याच वैद्यांकडे सोंपविलें होतें.

१९४७ सालीं पंजाब व बंगाल यांची वांटणी झाली; सिंध मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला. पंजाबी निर्वासिताला पूर्व पंजाब तरी उरला. सिंधी हिंदूला आपला म्हणावा असा एक तालुकाहि उरला नाहीं. १९४८ च्या जानेवारींत कराचींत दंगल उसळली, आणि आगबोटी भरभरून माणसें मुंबईच्या धक्क्यावर उतरूं लागलीं. कल्याणनजीकच्या लष्करी छावणींत पुष्कळांची सोय लागली. तिचेंच पुढें उल्हासनगर झालें. कोल्हापुराजवळच्या वळिवड्याची हकीकत याहूनहि विलक्षण आहे. महायुद्धाच्या काळांत तेथें पोलंडमधील सुमारें पांच हजार निर्वासित राहत होते. ते गेले आणि त्याच छावणींत सिंधी कुटुंबांनीं चुली मांडल्या. आज ती वस्ती गांधीनगर या नांवानें कापडाची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध आहे.

परदेश मात्र या लोकांना नवा नव्हता. हैदराबादचे (निजामाच्या नव्हे, सिंधमधील हैदराबादचे) व्यापारी सुएझच्या कालव्यानंतर कैरो, माल्टा, जिब्राल्टर, सिंगापूर, थेट जपानांतील कोबेपर्यंत पोंचले होते. त्यांस सिंधवर्की म्हणत. पुरुषानें पेढी सांभाळावी, बायकामुलांनीं हैदराबादेंत राहावें, अशी रीत होती. फाळणीनंतर परतावयास घरच राहिलें नाहीं, तेव्हां बायकामुलेंहि दर्यापार गेलीं.

सिंधी गृहस्थ किती चांगलें मराठी बोलतो, याचें आपण कौतुक करतों. त्याच्या घरांत सिंधी किती उरली, हें मात्र क्वचितच विचारतों. १९६७ सालीं घटनेच्या आठव्या अनुसूचींत त्या भाषेला स्थान मिळालें खरें. परंतु प्रांतच नसल्यामुळें ती कोणत्याहि राज्याच्या कारभाराची भाषा होऊं शकली नाहीं. त्यांतून ती अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांत लिहावी कीं देवनागरींत, हा वाद इकडे आल्यावर पुन्हां उभा राहिला. मुलें देवनागरी शिकलीं, किंवा सिंधी शिकलींच नाहींत. कराचीहून ट्रंकेंत घालून आणलेली आजोबांची पत्रें कित्येक घरांत अजून जपून ठेविलेलीं आहेत. नातवांना तीं वाचतां येत नाहींत.