आफ्रिकेतील हत्ती आणि माझा करंडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासवर्णन सुरू झाले की निम्म्या बायका घड्याळाकडे आणि निम्म्या चहाच्या किटलीकडे पाहू लागतात, हे मला ठाऊक आहे. मीही तेच करीत आले आहे. पण यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझा हस्तिदंती करंडा दिसला नाही, तेव्हा तिघीचौघींनी विचारले, “हरवला की काय?” हरवलेला नाही. तो का दिसला नाही, ते सांगायचे तर आधी आफ्रिकेला जाऊन यावे लागेल.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त नैरोबीला असतो. फेब्रुवारीत नातीला शाळेची सुट्टी होती, म्हणून त्याने आम्हां दोघांना बोलावून घेतले. निघण्यापूर्वी पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागली. शिवाय केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, हे सुनेने फोनवर बजावले. त्यामुळे पिशव्यांत भरून ठेवलेला चिवडा नि लाडू पुन्हा डब्यांत भरण्यात माझी एक रात्र गेली. विमानाचा प्रवास साधारण सहा तासांचा. तेवढ्यात पुण्याहून कोकणातही धड पोचणे होत नाही!

तिथे पहिल्याच सकाळी गमत झाली. गाडी चालवणारा मनुष्य मला “बीबी, बीबी” म्हणू लागला. मी चपापले. नात हसून म्हणाली, “अगं, स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी!” पुढे कळले की गाडीला ते ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘डुका’, आणि चपाती तर चपातीच. पूर्वी आपल्याकडची गलबते तिकडे जात, त्यांच्याबरोबर हे शब्द गेले. त्या गलबतांतून परत काय येई, ते मात्र मला तेव्हा सुचले नाही.

नैरोबी शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ साली स्थापन झालेले. एकीकडे उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी झेब्रे चरताहेत. तिथे एके ठिकाणी राखेचे ढीग राखून ठेवले आहेत. चोरट्या शिकाऱ्यांकडून व इतरत्र जमा झालेले हस्तिदंत केनिया सरकारने १९८९ साली तिथे जाळले, सुमारे बारा टन. पुन्हा २०१६ साली तर १०५ टन. आमच्या घरचे उभ्या जन्मात हिशेबाच्या वह्यांबाहेर न गेलेले, ते म्हणाले, “केवढा पैसा जाळला हो!” मलाही तेव्हा तसेच वाटले, खोटे कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी अंबोसेलीला गेलो. पहाटे ढग सरले आणि किलिमांजारोचे बर्फाचे माथे दिसले. डोंगर टांझानियात, पण त्याचे पाणी जमिनीखालून झिरपत येऊन अंबोसेलीच्या दलदली बारमाही ओल्या ठेवते, आणि त्यावर हत्तींचा संसार चालतो. संसार हाच शब्द बरोबर. कळप असतो तो बायकांचा आणि लेकरांचा. मुलगे वयात आले की बाहेर पडतात. मुली आईजवळच राहतात. सर्वांत वडील हत्तीण पुढे चालते, आणि ती थांबली की सगळे थांबतात. (आमच्या सासूबाईंची आठवण झाली.) पोटुशी हत्तीण बावीस महिने ओझे वाहते, हे ऐकून सून म्हणाली, “आपण नऊ महिन्यांतच किती कुरकुर करतो!” सिंथिया मॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७२ साली या हत्तींचा अभ्यास आरंभला. त्यांनी हत्तिणींना नावे दिली, कोणाची लेक कोण याची नोंद ठेवली. आपल्याकडे गावचे जोशीबुवा कुळांची ठेवीत, तशी.

एक कळप रस्ता ओलांडायला आला. सारथ्याने गाडी बंद केली. पुढची म्हातारी अगदी हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ येऊन उभी राहिली. तिचा एक सुळा अर्ध्यातून मोडलेला, पापण्या लांब, कानाची कड फाटलेली. तिच्या पोटाखाली एक पिल्लू. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. तिने आमच्याकडे पाहिले, सोंड वर करून वास घेतला आणि मग सगळ्यांना पुढे घातले.

सारथी हळूच सांगू लागला. आपल्याकडे सुळे नराला असतात. तिकडे मादीलाही असतात. सुळा जन्मभर वाढत राहतो, म्हणून ज्याचे वय अधिक त्याचा सुळा मोठा, आणि शिकारी त्याच्यावरच टपलेले. सुळ्याचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. सबंध सुळा काढायचा तर जनावर मारावे लागते. म्हणजे कळपातली आजीच आधी जायची. आणि दुष्काळात दूरचे पाणी कुठे आहे, ते तर तिलाच ठाऊक.

नातीने माझ्या कानाशी विचारले, “आजी, तुझ्या करंड्यासाठी कोणाला मारलं होतं गं?”

मला उत्तर देता आले नाही. तो करंडा सासूबाईंच्या आजीचा. लिंबाएवढा, झाकणावर कमळ कोरलेले. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तो माझ्या हातात दिला, आणि त्या बाईने मला आयुष्यात प्रेमाने दिलेली ती बहुधा एकच वस्तू. त्या काळी पूर्व आफ्रिकेतले हस्तिदंत झांजिबारहून मुंबईच्या बंदरात येत असे. करंडा तिकडचा की इकडचा, हे आता कोण सांगणार?

पुढे नमांगाला सरहद्द ओलांडून टांझानियात गेलो. तरंगिरेच्या रानात गोरखचिंचेची अवाढव्य झाडे आहेत, आपल्या कोकणकिनाऱ्यावर कुठे कुठे दिसतात तीच. त्यांच्या साली हत्तींनी सोलून काढलेल्या. १९९३ साली तिथे मोठा दुष्काळ पडला होता. ज्या कळपांत वयस्क माद्या होत्या ते उद्यानाबाहेर पाण्याकडे गेले आणि त्यांची पिल्ले अधिक वाचली, असे अभ्यासकांना आढळले. मी ते ऐकले मात्र, आणि पुन्हा तो करंडा डोळ्यांपुढे उभा राहिला.

गोरोंगोरो आणि सेरेंगेटीबद्दल मी फार सांगत नाही. गोरोंगोरो म्हणजे सहाशे मीटर खोल ज्वालामुखीची कढई. तिथे घारीने मुलाच्या हातातले थालिपीठ झडप घालून नेले. सेरेंगेटीत विल्डबीस्टांची वासरे जन्मताच काही मिनिटांत उठून धावू लागतात. सिंहही पाहिला. तो झोपला होता आणि सतरा गाड्या त्याच्याभोवती जागरण करीत होत्या!

घरी आल्यावर देव्हाऱ्याजवळचा करंडा मी हातात घेतला. ह्यांचे म्हणणे, “हत्ती मरून शंभर वर्षं झाली. आता तुला कसलं पाप लागतं?” तेही खरेच. टाकून द्यावा तर सासूबाई आठवतात, वापरावा तर ती मोडक्या सुळ्याची म्हातारी. विकणे कायद्याने नाही, आणि असते तरी विकला नसता. सुनेला विचारले, “तुला हवा का?” ती म्हणाली, “आई, तुमच्याजवळच असू दे.”

तूर्त तो कपाटात सासूबाईंच्या पैठणीत गुंडाळून ठेवला आहे, आणि हळदीकुंकवाला मी पितळेची कोयरी आणते. तिचे झाकण जरा घट्ट बसते. परवा उघडताना माझ्या हातून सगळे कुंकू अध्यक्षबाईंच्या पांढऱ्या साडीवर सांडले. त्याबद्दल त्यांची इथेच क्षमा मागते.