पाड्यावरचा उद्योग आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा

(आदिवासी कल्याण कार्याच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात वसई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आपल्या कार्यकर्त्यांबरोबर पारोळ-भाताण्याच्या बाजूला जाऊ लागले. तिथल्या एका पाड्यावर चौदा बायकांचा बचत गट आहे. मोहाची फुलं वेचायची, वाळवायची आणि त्यांचे लाडू करून विकायचे, हा त्यांचा उद्योग. आज मी त्या लाडवांविषयी बोलणार आहे, आणि एका अशा निधीविषयी, जो आपल्यासारख्या माणसांना आपला वाटतच नाही. तो म्हणजे संशोधनाचा निधी.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी लाडू छान झाले. चव सगळ्यांना आवडली. आपल्या धर्मग्रामांतल्या पुष्कळ घरांनी ते घेतले. मग उत्साहाच्या भरात मी एका दुकानदाराशी बोलले आणि जुलैमध्ये मोठी मागणी घेतली. एप्रिलमध्ये वाळवून गोणीत भरलेली फुलं बाहेर काढली, लाडू केले, पिशव्यांत भरून पाठवले. दहाव्या दिवशी सगळा माल परत आला. गटाच्या मावशी पिशवी उजेडात धरून म्हणाल्या, "बाय, लाडवाला बुरा धरला."

पदार्थात ओलावा किती राहिला की बुरशी धरते, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत होते. पण त्या गोणीतली मूठभर फुलं प्रयोगशाळेत नेऊन तपासावीत, हे मला सुचलं नाही.

नुकसान केवळ पैशांचं नव्हतं. दिवाळी जवळ आली की पाड्यांवर वीटभट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. एकदा उचल घेतली की कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जातं, ते पाऊस तोंडावर आल्यावर परततं. मुलांची शाळा त्यातच सुटते. मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे जी बाई उचल घेईल, ती त्या वर्षी फुलं वेचायला पाड्यावर नसेल. लाडू टिकले नाहीत तर गट टिकणार नव्हता, आणि गट मोडला तर चौदा घरांतली पोरं पुन्हा भट्टीवर विटा थापायला जाणार होती.

मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. तो आता प्राध्यापक आहे. त्याने आमचा प्रश्न शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून दिला. दोन मुली आणि एक मुलगा पाड्यावर आले. मावशींनी त्यांना विचारलं, "तुम्ही शिकवायला आलात का शिकायला?" मुलं गोंधळली. त्यातली एक मुलगी म्हणाली, "शिकायला." त्या उत्तरावर त्यांना चहा मिळाला.

मुलांनी फुलांचं वजन केलं, ती ओव्हनमध्ये वाळवली, पुन्हा वजन केलं. मोजून तीन गोष्टी कळल्या. फुलं जमिनीवर वाळत घातल्यामुळे वरून कोरडी दिसत, आत ओल राही. गोणीत भरल्यावर पावसाळी हवेतला दमटपणा ती ओढून घेत. आणि आमच्या पिशव्यांचं प्लॅस्टिक इतकं पातळ होतं की त्यातून दमट हवेला अडकाव नव्हता. उपायही साधे निघाले. झाडाखाली जाळी बांधून फूल मातीला लागू न देणं, जमिनीपासून उंच फळीवर वाळवणं, बंद डब्यात साठवणं आणि जाड पिशवी वापरणं. या सगळ्याला एका मोठ्या कुटुंबाच्या सहलीएवढाही खर्च आला नाही.

आता तुम्ही विचाराल, मग निधी कशाला? कारण पुढचा प्रश्न मोठा आहे. मोहफुलात साखर भरपूर असते, त्यामुळे ते चिकट राहतं. ढगाळ दिवस आला की उघड्यावरचं वाळवण फसतं. त्यासाठी वीज नसतानाही चालेल, पाड्यावरच दुरुस्त होईल आणि बायकांना परवडेल असं उन्हावर चालणारं वाळवणयंत्र हवं. ते बाजारात तयार मिळत नाही. ते शोधावं लागतं, करून पाहावं लागतं, फसलं तर बदलावं लागतं. यासाठी बँक कर्ज देत नाही, आणि ते तिचं चूक नाही. जे चालतं हे ठाऊक आहे, त्याला कर्ज. जे चालेल की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, त्याला संशोधन निधी.

हा प्रश्न फक्त पाड्यांचा आहे असं समजू नका. आपल्या आगाशी-निर्मळ पट्ट्यातली सुकेळी आठवा. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. आज किती घरांत ती होतात? कष्ट फार, मजूर मिळत नाहीत, अवेळी पाऊस येतो, रस्त्याची धूळ बसते. पूर्वेची मोहफुलं आणि पश्चिमेची सुकेळी, दोन्हींना वाळवण्याचं एकच शास्त्र लागतं. त्यांच्यासाठी काही शोधलं तर ते आपल्याही कामाला येईल. हे मी उपकाराच्या भाषेत बोलत नाही, शेजाराच्या भाषेत बोलते.

असं पूर्वी कुठे झालं आहे का? झालं आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत शिकलेल्या तरुण-तरुणींनी उन्हावर चालणारं वाळवणयंत्र तयार केलं आणि एस-फॉर-एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. ग्रामीण बायका त्यावर शेतमाल वाळवतात. २०२३ साली या कंपनीला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. पवईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, सितारा, १९८५ पासून आहे. २०१६ साली राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, ते याच विचाराने की जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने असंच केंद्र उभं राहिलं आहे. आपल्या जिल्ह्यात डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि कोकणासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे.

परदेशातही हेच घडलं. ब्रिटनमध्ये १९७५ पासून विद्यापीठ आणि उद्योग यांना जोडणारी सरकारी योजना चालू आहे. अमेरिकेने १९८२ साली कायदा करून सरकारच्या संशोधनाच्या पैशातला वाटा छोट्या उद्योगांसाठी राखला. १९९२ साली आणखी एक योजना आणली. तिच्यात छोट्या उद्योगाने संशोधन संस्थेला सोबत घेतलंच पाहिजे, अशी अट घातली. कारण सरळ आहे. छोट्या उद्योगाकडे प्रश्न असतो आणि तो करून पाहायची जागा असते. विद्यापीठाकडे यंत्रं असतात, जाणकार असतात आणि सरकारी पैशाचा हिशेब ठेवणारं कार्यालय असतं.

आपल्या देशातले काही दरवाजे सांगते. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजना आहे. तिच्यात मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत, आणि ती बहुधा महाविद्यालयच असते, एका कल्पनेला १५ लाख रुपयांपर्यंत मदत ठेवलेली आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची प्रिझम योजना छोट्या रकमेपासून ५० लाखांपर्यंत जाते, आणि तिची संपर्क केंद्रं देशभरातल्या संस्थांमध्ये आहेत. जैवतंत्रज्ञानाच्या कल्पनांसाठी बायरॅक ही संस्था १८ महिन्यांकरता ५० लाखांपर्यंत अनुदान देते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आदिवासी भागासाठी वेगळी तरतूद आहे, तिथे सेवाभावी संस्थाही अर्ज करू शकते. आणि २०१८ पासूनच्या वनधन योजनेत साधारण तीनशे वनोपज गोळा करणाऱ्यांचं एक केंद्र बनतं. त्याला १५ लाखांपर्यंत मदत मिळते. ती संशोधनाची नाही, उभारणीची आहे, पण दोन्ही जोडता येतात. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीची सूचना नीट वाचावी.

आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला. तो मी घरी बसून एका रात्रीत लिहिला होता. "आम्हाला वाळवणयंत्र हवं", एवढंच त्यात होतं. उत्तर आलं की यात संशोधनाचा प्रश्न नाही. राग आला, पण ते खरं होतं. दुसऱ्या वेळी आम्ही पाड्यावर, मावशींच्या ओटीवर बसून प्रश्न मांडला: विजेशिवाय, एप्रिलच्या उन्हात, किती दिवसांत फूल इतकं वाळवता येईल की ते पावसाळाभर टिकेल, आणि चव बिघडणार नाही? चवीचं कलम मावशींनी घातलं. "टिकलं आन् कडू झालं तर कोन खाईल?" त्या म्हणाल्या. परीक्षकाने विचारलं असतं, तेच त्यांनी आधी विचारलं.

तीन इशारेही दिले पाहिजेत.

पहिला, मालकीचा. आमच्या कराराच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की जे काही निष्पन्न होईल ते महाविद्यालयाचं. बायकांना तो वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक तरुण सून म्हणाली, "म्हंजे लाडू आमचा आन् नाव त्यांचं?" मसुदा बदलला. यंत्राच्या रचनेत दोघांचा वाटा, लाडवाची कृती गटाची, आणि प्रसिद्ध होणाऱ्या लेखात गटाचं नाव. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही. पिढ्यांचं ज्ञान दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून ती धडपड होती. २००२ चा जैवविविधता कायदाही हेच सांगतो की वनस्पती आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान वापरून कोणी कमावलं, तर त्याचा लाभ ते जपणाऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणून आधी करार, मग नमुना. वाणाचं बी असो की आजीचं औषध, कागद होण्याआधी हातातून सोडू नये.

दुसरा, पैशांचा. अनुदान हप्त्यांनी येतं. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हलत नाही. "मंजूर झालंय" या शब्दावर उधारी करू नये. प्रत्येक पावती जपावी. आमच्या गटात ते काम आठवीपर्यंत शिकलेली मुलगी करते, आणि माझ्यापेक्षा चोख करते.

तिसरा, वेळेचा. मोह फुलतो तेव्हा महाविद्यालयात परीक्षा असतात. मुलं मोकळी होतात तोवर फुलं संपलेली असतात. म्हणून तयारी दिवाळीआधी करावी लागते: प्राध्यापक ठरवणं, करार, जाळ्या, फळ्या. दिवाळी हीच मुकादमाचीही वेळ. त्याच्या आधी आपण पोहोचलं पाहिजे.

आज आम्ही कुठे आहोत? दुसरा अर्ज महाविद्यालयामार्फत गेला आहे, निर्णय यायचा आहे. येईल तेव्हा येईल. पण विद्यार्थ्यांच्या साध्या उपायांनी केलेले लाडू गेल्या पावसाळ्यात परत आले नाहीत. दिवाळीला चौदापैकी नऊ जणींनी उचल घेतली नाही. पाच जणी गेल्या. त्यातल्या एकीच्या घरी दवाखान्याचा खर्च आला होता. तिला लाडू पुरले नसते. हे मी लपवणार नाही, कारण तुमच्या देणग्यांचा हिशेब तुम्हाला खराच मिळाला पाहिजे.

शेवटी मागणं. तुम्ही देणगी देता, ती देत राहा, कारण जाळ्या आणि फळ्या त्यातूनच येतात. पण या सभागृहात निवृत्त बँक अधिकारी आहेत, लेखापाल आहेत, शिक्षक आहेत, कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून हात काळे केलेले लोक आहेत. आम्हाला अर्जाचं अंदाजपत्रक तपासणारा माणूस हवा आहे. करार वाचून सांगणारा वकील हवा आहे. तुमची मुलं, नातवंडं महाविद्यालयात शिकत असतील, तर त्यांच्या प्रकल्पाचा विषय अजून ठरला नसेल. त्यांना पाड्यावर पाठवा. आणि ज्यांच्या घरी आजही सुकेळी होतात, त्यांनी एकदा येऊन मावशींना आपली वाळवण्याची पद्धत सांगावी. त्यांचीही बघावी.

परवा मावशींना सांगितलं की मी इथे बोलणार आहे. त्या म्हणाल्या, "बोल, पन लवकर ये. फळ्या रंगवायच्या ऱ्हायल्यात." म्हणून इथेच थांबते. ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवावं. रंग आणि ब्रश आमच्याकडे आहेत.