रुग्णाबरोबर चालणारी साधने



रुग्णखाट आणि स्ट्रेचर यांच्या जोडसाधनांचा विचार करणाऱ्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. सलाईनचा दांडा, साइड रेलिंग, जेवणाचे टेबल, सिलिंडर अडकवायची कडी, लघवीच्या पिशवीचा हुक. यंत्रसामग्रीच्या उद्घाटनात या वस्तूंचा उल्लेखही नसतो. रुग्णाचा दिवस मात्र यांच्याच भरवशावर पार पडतो.

हा विचार धाराशिवमध्ये व्हावा, हे योग्यच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्या बाजूचे सास्तूर जमीनदोस्त झाले. ढिगाऱ्याखालून काढलेल्या कितीतरी जखमींना सोलापूर गाठावे लागले. आज 108 ची रुग्णवाहिका आहे, धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही ‘पुढे सोलापूरला हलवा’ हे वाक्य आपल्या कानांना सवयीचे आहे. महामार्गावर अपघात झालेला माणूस आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात आणि गरज पडली तर सोलापुरात पोचतो. वाटेत तो स्ट्रेचरवरून खाटेवर, खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर जातो. दर वेळी सलाईन काढायची, पुन्हा टांगायची. दांडा नसला की बाटली नातेवाइकाच्या हातात. तो बिचारा हात वर धरून वॉर्डबॉय मामांच्या मागे पळत राहतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : जोडसाधन खाटेसाठी नव्हे, हलवल्या जाणाऱ्या माणसासाठी बनवा. ते रुग्णाबरोबर पुढे गेले पाहिजे आणि रात्रपाळीच्या सिस्टरला एका हाताने, मंद उजेडात, काहीही न वाचता चालवता आले पाहिजे.

सलाईनचा दांडाच घेऊ. नळीत नळी, आणि उंची धरून ठेवायला बाजूला एक पिळाचा स्क्रू. दांडा नवा असतो तोवर काम उत्तम. मग स्क्रूचे टोक आतल्या नळीवर घासून चरा पडतो, आटे झिजतात, एक दिवस मूठच हरवते. त्यानंतर दांड्याला चिकटपट्टीचे वेढे बसतात. मध्यरात्री आतली नळी हळूहळू खाली सरकते, बाटली हाताच्या पातळीला येते, थेंब थांबतो आणि नळीत रक्त उलटे चढते. बाटली हातापेक्षा 1 मीटर उंच असेल, तर पाण्याच्या त्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटरइतका असतो. शिरेतल्या दाबावर मात करून द्रव आत जातो तो या उंचीच्या जोरावर. उपाय आपल्या गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होण्यासारखा आहे. आतल्या नळीला ठरावीक अंतरावर भोके, त्यांत खटकन बसणारी स्प्रिंगची खुंटी, नळी पूर्ण बाहेर येऊ नये म्हणून अडथळा आणि मूठ हरवू नये म्हणून साखळी. ‘खट्’ आवाज आला की सिस्टरला न पाहताही कळते, दांडा बसला.

लांबवता येणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक धोका असतो. नळी जितकी बाहेर, तितका आतला आधार कमी आणि सांध्यावरचा ताण जास्त. उंच माणसासाठी स्ट्रेचरची पायाकडची फळी बाहेर काढली की तोलही तिकडे झुकतो. म्हणून ‘किती लांबते’ या प्रश्नाच्या आधी ‘पूर्ण लांबल्यावर किती वजन पेलते’ हे विचारा. दारातून जाताना ती आत सरकते का, हेही पाहा. रेलिंगच्या फटींचे मोजमाप चुकले तर जिवाशी गाठ आहे. डोके अडकू नये म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाने रेलिंगमधली फट 120 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगितले आहे. ती मोजायला टेप पुरतो.

ज्याला आपण ‘फाउलर बेड’ म्हणतो, त्यामागे अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज फाउलर यांचे निरीक्षण आहे. पोटात पू झालेल्या रुग्णाचे डोके व छाती उंच ठेवावी, असे त्यांनी 1900 मध्ये मांडले. त्या स्थितीत रुग्णाला टिकवून धरणारी खाट विलिस गॅच यांनी 1909 मध्ये वर्णिली. दोघेही रुग्णाजवळ उभे राहणारे डॉक्टर. गरज रुग्णापाशी दिसली, मग खाट बदलली. हा क्रम आपण सोडता कामा नये.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांमधले कच्चे-पक्के मडके पारखले, ही कथा आपल्या जिल्ह्यात लहान लेकरालाही ठाऊक आहे. साधनांची पारखही हाताळूनच व्हावी. कॅटलॉगमधल्या चित्रावर मडके पक्के ठरत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. पहिली : खरेदी समितीत वॉर्डच्या सिस्टर आणि मामा-मावशी यांचे मत लेखी घ्या, त्यांनी आठवडाभर वापरल्याशिवाय मोठी मागणी नोंदवू नका. दुसरी : अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प हाती घेण्याआधी एक रात्रपाळी वॉर्डात काढावी. तिसरी : जिल्ह्यातल्या सगळ्या खाटा, स्ट्रेचर आणि रुग्णवाहिकांना एकाच मापाची खोबण ठरवा, म्हणजे लोहाऱ्यात लावलेला दांडा धाराशिवच्या ट्रॉलीलाही बसेल. यात तिसरी सर्वांत स्वस्त आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची.

या परिषदेने निदान त्या खोबणीचे माप ठरवूनच उठावे, अशी अध्यक्ष म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे. सिस्टर, डॉक्टर, वेल्डर आणि प्राध्यापक आज एकाच मांडवात बसले आहेत. दुपारच्या सत्रात टेप घेऊन बसा, आकडा कागदावर आणा, त्यावर सह्या करा. माझी सही पहिली असेल.