नाकाची घाई नको

 

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण जिची लेक फाटलेल्या ओठानं जन्मली, त्या आईला ती टोचते. बाळ काही महिन्यांचं असताना ओठ शिवतात, तरी पुष्कळदा नाकाची एक बाजू बसकी राहते. डॉक्टर म्हणतात, नाकाचं ऑपरेशन मोठी झाल्यावर करू. मग मधल्या वर्षांत कोणी तरी सुचवतं, "थांबता कशाला? एक इंजेक्शन घ्या, नाक लगेच वर येतं." आज या इंजेक्शनबद्दल बोलू.

त्याला फिलर म्हणतात. बहुतेक वेळा ते हायलुरॉनिक ॲसिडचं घट्ट जेल असतं. ते कातडीखाली भरलं की खळगा भरून येतो. साधारण सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षात ते शरीरात विरून जातं. म्हणजे हा कायमचा इलाज नाही; पैसे पुन्हा पुन्हा लागतात.

मग डॉक्टर थांबायला का सांगतात? मुलीच्या नाकाची वाढ साधारण १५-१६ वर्षांपर्यंत चालते. त्याआधी आकार दिला तर वाढीत तो बदलू शकतो. ऑपरेशननंतरही सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागतं. त्यामुळे दुसरं ऑपरेशन लागणार असेल तर बहुधा वर्षभरानंतरच करतात. हे थांबणं म्हणजे टाळाटाळ नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

आपल्या महाराष्ट्रातलीच एक जुनी गोष्ट सांगते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथं त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्यानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही हकिगत चित्रासह छापून आली, आणि विलायतेतले डॉक्टर त्यावरून शिकले. त्या वैद्यानं कातडीची एक पट्टी दोन भुवयांच्या मध्ये जोडलेलीच ठेवली होती, कारण तिच्यातून नव्या नाकाला रक्त मिळत होतं. सुमारे २५ दिवसांनी, नाक धरल्यावरच, ती कापली. नाक रक्तावर जगतं, हे त्याला ठाऊक होतं.

फिलरचा धोका नेमका इथंच आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्त अडतं आणि नाकाची कातडी काळी पडून मरते. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, म्हणून दृष्टीही जाऊ शकते. आधी ऑपरेशन झालेल्या नाकात व्रण असतात, रक्तवाहिन्यांच्या वाटा बदललेल्या असतात. तिथं धोका आणखी वाढतो.

कधी कधी प्लास्टिक सर्जन स्वतः लहानसा खळगा फिलरनं भरतात. पण तो निर्णय त्यांचा, पार्लरचा नाही. इंजेक्शन घेण्याआधी चार गोष्टी विचारा. देणारी व्यक्ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद असलेली, त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी शिकलेली डॉक्टर आहे का? औषधाचं नाव काय, आणि खोका आपल्यासमोर फोडणार का? जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज औषध तिथं हजर आहे का? आणि जुन्या ऑपरेशनचे कागद त्यांनी पाहिले का? सिलिकॉन असेल तर सरळ उठून या. ते विरघळवता येत नाही.

इंजेक्शननंतर कातडी पांढरी किंवा निळसर पडली, खूप दुखू लागलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी डॉक्टरांकडे, मोठ्या दवाखान्यात न्या.

आता खर्चाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या फाटलेल्या ओठाचा आणि टाळूचा उपचार मोफत होतो. त्याचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. लेकीला तपासणीत दाखवा, आणि नाकाचं काय करायचं हे तिला १८ पूर्ण होण्याआधीच विचारा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथंही चौकशी करा. आणि आईनं ग्रहणात विळी हातात धरली म्हणून ओठ फाटला, हे साफ खोटं आहे. त्या लाजेपायी लेकरू लपवू नका.

बचत गटातल्या बायांनो, कोणी पार्लरच्या इंजेक्शनसाठी कर्ज मागितलं तर नुसतं "नाही" म्हणून मोकळ्या होऊ नका. एकीनं तिच्यासोबत दवाखान्यात जावं. गटाचा पैसा द्यायचाच तर तिथल्या जाण्या-येण्याला द्या. आणि पाहुणे बघायला येणार म्हणून १६ वर्षांच्या पोरीचं नाक भरायची घाई करत असाल, तर लक्षात ठेवा, १८ च्या आत लग्न कायद्यातच बसत नाही. तिच्याकडे वेळ आहे. तो तिला मिळू द्या.