अंधारीच्या तोंडाशी इंग्रजी



२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं मूल ती भाषा वाचतं, लिहितं. पण परका माणूस समोर उभा राहिला की त्याची दातखीळ बसते. व्याकरण कच्चं असतं हे खरं, पण मोठी अडचण वेगळीच. चुकलो तर चारचौघांत हसं होईल, ही धास्ती. ती घालवायला संगणकातलं आभासी जग कामी येतं, असं माझं ठाम मत आहे.

‘सेकंड लाइफ’ नावाचं असं एक जग २००३ साली सुरू झालं. तिथे आपल्या जागी आपलं बाहुलं हिंडतं. २००७ मध्ये त्यात आवाजाने बोलायची सोय आली आणि जगभरच्या भाषाशिक्षकांनी तिथे वर्ग भरवले. एरवी मुखदुर्बळ असणारा पोरगा सोंगात रावण झाला की गर्जतो, तसंच हे. चुकतं ते बाहुलं. मुलाचा चेहरा कुणाला दिसत नाही.

पण अशा सरावात मुलांना बहुधा विमानतळावर नाहीतर हॉटेलात उभं करतात. आपल्या दौलताबादच्या मुलाने तिथे काय बोलायचं? त्याच्याजवळ सांगण्यासारखं आहे ते गावच्या किल्ल्याचं. म्हणून आभासी जगात हाच किल्ला उभा करावा: चांद मिनार, चिनी महाल, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं असलेली मेंढा तोफ आणि मुख्य म्हणजे अंधारी, ती काळोखी भुयारी वाट.

अंधारीत शिरणारा शत्रू आंधळा व्हावा, अशीच ती कातळात खोदली आहे. वळणं फसवी, पायऱ्या उंचसखल. तिथे पाहुण्याला नेताना ‘माइंड युअर हेड’, ‘वन मोअर स्टेप’, ‘नाऊ टर्न लेफ्ट’ हे वेळेवर तोंडातून निघावंच लागतं. आभासी अंधारीत वाट फक्त मुलाच्या पडद्यावर दिसावी. परदेशी पाहुण्याचा पडदा काळाकुट्ट. हातवारे करून भागत नाही, पाठ केलेला निबंध उपयोगी पडत नाही. चुकीचं वळण सांगितलं की पाहुणा भिंतीवर आदळतो, आणि मूल आपणहून वाक्य बदलून पुन्हा सांगतं. भाषा अशीच वळते.

हे आपल्याला झेपेल का? आपल्याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी २०१९ पासून इंटरनेटच्या आधाराने जपानी शिकायला घेतली. इंग्रजी तर त्यांच्या पाठ्यपुस्तकातच आहे. डोळ्यांवर चढवायचं महागडं यंत्रही लागत नाही. शाळेतला बरा संगणक, माइक असलेला हेडफोन आणि न तुटणारं इंटरनेट असलं की झालं. तुटक्या आवाजाने मात्र मुलाची भीती दुप्पट होते, तेव्हा पहिला खर्च तिथे करा.

आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मूल पाहुण्याला वाट दाखवत असताना मध्ये टोकू नका. दोन-तीन चुका वहीत टिपून ठेवा, पाहुणा बालेकिल्ल्यावर पोहोचला की मग सांगा.